सिग्नल एकाचाच

चरोदा,
१२ ऑगस्ट २०२४

भय्याजी भाऊ यांस गिरजाचा जय भीम.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही सगळे जिवंत आहोत. आधी फोनच केला होता. तुम्ही प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणालात आणि शेवटी तुमच्या रुक्माने फोन काढून घेतला. म्हणून हे पत्र. शिवाय क्वार्टरच्या दोन खोल्यांत फोनवर काही बोललं की आमच्या नरेशच्या बाबांच्या कानावर जातंच.

जूनमध्ये ह्यांना लकवा झाला. आंघोळ करून निघाले आणि उंबऱ्यातच उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं. आता काठीने संडासापर्यंत जातात. बोलणं थांबून थांबून येतं, पण येतं. उजवा हात मात्र नाहीच.

सगळं सोसलं असतं हो, पण जेवायची वेळ झाली की हे मला दार लावायला लावतात. मी भरवते. पोटचा नरेश आत आला तरी तोंड मिटून घेतात. विहारातल्या भोजनदानात पंगतीतून सगळ्यात शेवटी उठणारा हा माणूस, तुम्हाला काय सांगायचं. आता कुणी जेवायला बोलवायला आलं की झोपेचं सोंग घेतात. मला बाकी काही नको. ह्यांनी दार उघडं ठेवून आपल्या हाताने जेवावं, एवढंच पाहिजे.

आता मुद्द्याचं. नेहरू नगरच्या फिजिओथेरपी सेंटरमधून रेणू नावाची मुलगी येते, तिने घरी एक मशीन आणून दिली आहे. रोबोट म्हणतात तिला. मी तर हातपाय असलेला माणूस येतो की काय म्हणून खुर्ची पुसून ठेवली होती. निघाली एक फळी! कॉलेजच्या पोरापोरींनी गाडीच्या वायपरची मोटर, ड्रॉवरचे सरकते पट्टे आणि प्लास्टिकचे भाग जोडून केली आहे. परदेशातली अशी मशीन आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नाही, म्हणून ही स्वस्तातली. हात दांड्यावर पट्ट्याने बांधायचा. समोर टॅबलेटवर मासा दिसतो. दांडा सरकवला की मासा सरकतो, त्याला टोपलीत न्यायचं. हात कमी पडला तर उरलेलं मोटर ढकलते.

रेणू म्हणते, पहिल्या काही महिन्यांत हात जागा झाला तर झाला, नंतर फार कठीण. मशीन डिसेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे आहे. मग ती दुसऱ्या पेशंटकडे जाईल. आणि हे तिच्याकडे बघायलाही तयार नाहीत. म्हणतात, "मले... खेळणं देऊन राहिले का?"

प्लांटमध्ये हे वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि तुम्ही खाली इशारे देत उभे. सगळा जन्म ह्यांनी ऐकलं ते तुमचंच, माझं कधी ऐकलं नाही. तेव्हा तुम्हीच दोन ओळी लिहा.

गिरजा

---

देव्हाडी,
१९ ऑगस्ट

गिरजावहिनी, जय भीम.

पत्र वाचलं आणि गोठ्यात जाऊन बसलो. रुक्माने विचारलं तेव्हा सांगितलं, बैलाला गोमाशा लागल्या आहेत. पुढचं आनंदला मोठ्याने वाचून दाखवा.

आनंद, राम राम. तू आणि झोपेचं सोंग? दुपारच्या पाळीत डुलकी लागली म्हणून तू मला केवढं झापलं होतंस, आठवतं का? खेळणं म्हणे! अरे, मशीन ती मशीन. केवढी का असेना, तिच्यासमोर बसायचं. आणि बसल्यावर कसं वागायचं हे तुला मी सांगायला पाहिजे का? चालत्या मशीनला जोर लावायचा नाही. नवा पोरगा यायचा, लोंबकळता लोड हाताने ओढायला जायचा, तेव्हा मी खालून काय ओरडायचो? "हात ढिला सोड बे, मशीनले काम करू दे!" तेच तुला सांगतो. पट्टा बांधून घे, हात ढिला सोड, मशीनशी पंगा घेऊ नकोस. हा माझा सिग्नल समज.

वहिनी, त्याला सांगा, निंदण आटोपलं की मी येतोच आहे.

भय्याजी भुरे

---

चरोदा,
३ सप्टेंबर

भय्याजी भाऊ,

तुमच्या तोंडात साखर पडो. पत्र वाचून संपलं आणि हे स्वतः म्हणाले, "लाव." मी पट्टा बांधला. आता सकाळ-संध्याकाळ न सांगता बसतात. मासा टोपलीत पडला की टॅबलेट "शाबास!" म्हणतो, आणि तो सारखा शाबास शाबास करत असतो. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून धावत आले होते. आता कुकरच्या शिट्टीसारखी त्याची सवय झाली.

शेजारपाजारचे बघायला येतात. मी चहा करते आणि ह्यांच्याऐवजी मीच फुशारक्या मारते. ह्यांचा चेहराही निवांत झाला आहे. पट्टा सोडताना हात इतका मऊ लागतो, झोपलेल्या लेकराचा असावा तसा. जेवण अजून मीच भरवते, पण मासे इतके मिळताहेत तर घासही येईलच की.

तुम्ही कधी येता? रोज विचारतात.

गिरजा

---

देव्हाडी,
११ सप्टेंबर

वहिनी,

बघा! मी म्हटलं नव्हतं? मशीनची भाषा त्याला आणि मलाच कळते. डॉक्टरीणबाईंना सांगा, काही अडलं तर देव्हाडीला पत्र टाका, फी घेणार नाही.

माझं येणं थोडं लांबलं. पोळा झाला, आता धानाला पाणी द्यायचं आहे, गुडघाही धरला आहे, आणि रुक्माची दाढ काढायची आहे. त्याला म्हणावं, असाच ढिला राहा.

भय्याजी

---

चरोदा,
२४ सप्टेंबर

भय्याजी भाऊ,

जय भीम लिहिते, पण मनात शिव्या आहेत.

काल रेणू आली. तिने मशीन लॅपटॉपला लावली. त्यात दोन रेघा दिसतात, एक मोटरच्या जोराची, एक ह्यांच्या हाताच्या जोराची. मोटरची रेघ डोंगराएवढी. ह्यांची जमिनीवर आडवी. पोरगी डोक्याला हात लावून म्हणाली, "आंटी, ये तो सब मोटर ने किया है. अंकलनी फक्त हात ठेवला." इतके दिवस ह्यांनी बोटभरही जोर लावला नाही. ती शाबासकी मोटरची होती! बिचारी स्वतःलाही दोष देत होती की मी मध्ये लवकर येऊन बघायला पाहिजे होतं. ती पोरं आता मशीन बदलून देणार आहेत, म्हणजे मोटरच्या कामाला ती शाबास म्हणणार नाही.

मी ह्यांना विचारलं, "कावून जी? हात कावून नाही लावला?"

तर शांतपणे म्हणतात, "भय्याजीनं सांगितलं. ढिला."

अहो, ही क्रेन नव्हे! हिला माणसाने जोर लावायचा, मगच हात जागा होतो. मोटर फक्त कमी पडेल तेवढी भर घालते. सगळं तिनेच केलं तर हात झोपलेलाच राहतो. मी समजावलं, नरेशने समजावलं, रेणूने फळ्यावर काढल्यासारखं काढून दाखवलं. हे ऐकून घेतात, मान हलवतात आणि हात तसाच ठेवतात. शेवटी म्हणाले, "सिग्नल... एकाचाच."

तो नियम मलाही पाठ आहे, जन्मभर ऐकला आहे. खाली दहा जण ओरडोत, ऑपरेटरने आपल्या एका सिग्नलवाल्याकडेच बघायचं. मला आधी हसू आलं, मग मोरीत जाऊन रडले. ह्यांचे चांगले महिने पाण्यात चालले आहेत, भाऊ. तुम्ही सांगितलं म्हणून. आता तुम्हीच सोडवा.

गिरजा

---

देव्हाडी,
३० सप्टेंबर

वहिनी,

शिव्या पोचल्या. आणखी दिल्या असत्या तरी चाललं असतं. लोखंडाचा कायदा मी हाडामांसाला लावला, आणि वर फुशारकीही मारली. रुक्मा दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. तीही तुमच्याच बाजूची.

सोबत वेगळा कागद ठेवला आहे. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "आनंद, आधीचा सिग्नल रद्द. जोर लाव. भय्याजी." तो दाखवा.

आणि खरं सांगतो. गुडघा दुखतो, पण त्याच गुडघ्याने मी तुमसरच्या बाजाराला जातोच. रुक्माची दाढ कधीच काढून झाली. मला यायची भीती वाटते. माझ्या डोक्यावरून तो टनावारी लोखंड नेत असे आणि मी खाली तंबाखू मळत उभा. कधी वर बघून बाजूला सरकलो नाही, कारण वर तो होता. तो माणूस घास उचलू शकत नाही हे मला बघवणार नाही. म्हणून गोठ्यात बसतो.

भय्याजी

---

चरोदा,
५ ऑक्टोबर

भाऊ,

कागद दाखवला. ह्यांनी वाचला, घडी केली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "वरून... कागद नाही दिसत." म्हणजे केबिनमधून फक्त तुमचा हात दिसतो.

तुम्हाला बघवणार नाही म्हणता. मला कोण विचारतं बघवतं का? मलाही बघवत नाही, पण त्यांना भूक लागलेली असते, म्हणून रोज घास उचलते.

दसऱ्याला या. यंदा दीक्षाभूमीला जाणं होणार नाही, हे घरीच आहेत. पॅसेंजरने आलात तर चरोद्यालाच उतरा, नरेश स्टेशनवर येईल. नाही आलात तर मी पत्र लिहिणार नाही.

गिरजा

---

देव्हाडी,
२० ऑक्टोबर

वहिनी, जय भीम.

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेले अनारसे गोंदियापर्यंतही टिकले नाहीत.

मी आलो त्या दिवशी तुम्ही चहाचं निमित्त करून आत गेलात. का गेलात ते मला कळलं, कारण चहात साखर दोनदा पडली होती. पण त्यामुळे बाहेरच्या खोलीत काय झालं ते तुम्ही पाहिलं नाही. तो काही सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

मला पाहून त्याने आधी भिंतीकडे तोंड केलं. मी दारातच रडायला लागलो. म्हातारा माणूस, आवाज काढून रडलो. तोच मग वळला आणि म्हणाला, "बस. चहा पी."

मी बसलो नाही. त्याला पट्टा बांधला आणि समोर उभा राहिलो. त्याने डाव्या हाताने खूण केली, सरक. मी उजेडाला पाठ करून उभा होतो, माझा हात त्याला काळा दिसत होता. एवढ्या वर्षांनी सिग्नलवाला जागा चुकला! खिडकीसमोर गेलो. मग बोट वर केलं आणि गोल फिरवलं, उचल म्हणून. वहिनी, त्याचा चेहरा बदलला. ओठ दाबले, मान थोडी पुढे घेतली. केबिनमध्ये तो असाच बसायचा, खालून मी रोज बघायचो.

आधी काही झालं नाही. मी बोट फिरवत राहिलो. मग खांद्यात काहीतरी हललं, कोपरापर्यंत आलं, आणि दांडा सरकला. फार नाही, चार बोटं. पण मोटर बोलायच्या आधी सरकला, मी कान लावून होतो. माझ्या कानांवर तुमचा विश्वास नाही, म्हणून मोटरवर तळहात ठेवून पुन्हा पाहिलं. थंड होती. त्याला दरदरून घाम फुटला. मला म्हणतो, "भय्या, लोड... लई टाकला बे." आम्ही दोघं असे हसलो की तुम्ही पळत आलात, आणि तुम्हाला वाटलं आमचं काहीतरी पांचट चाललं आहे.

मासा टोपलीपर्यंत पोचला नव्हता, आणि मशीनही आता बदललेली होती. "शाबास" म्हणाली नाही. मीच म्हणालो.

आता तुमच्या तक्रारीचं. निघायच्या दिवशी मी तुम्हाला चार इशारे शिकवले आणि तुम्ही म्हणालात, ह्या वयात माझा तमाशा. पण पाळी बदलताना ऑपरेटरला नवा माणूस दाखवावाच लागतो. "आनंद, आतापासून सिग्नल वहिनीचा," असं मी म्हटलं तेव्हा त्याने तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. लग्नातही इतकं निरखून पाहिलं नसेल! चार्ज दिला आहे. आता तो तुमचंच ऐकेल, निदान मशीनपुरतं.

उजेडात उभ्या राहा.

भय्याजी

---

चरोदा,
१८ नोव्हेंबर

भाऊ,

ऐकतात हो, पण भांडतातही. मी बोट फिरवलं की म्हणतात हळू फिरव, मी हळू फिरवलं की म्हणतात दिसत नाही. परवा माझा हात दुखला म्हणून डावं बोट वर केलं, तर काम बंद. नरेशची बायको मोना दारातून बघते आणि तोंडाला पदर लावते.

मासा कधी अर्ध्या वाटेवर जातो, कधी टोपलीपर्यंत. रेणूच्या लॅपटॉपवर ह्यांची रेघ जमिनीवरून उठली आहे. बोटं उघडायला वेळ लागतो, पण मिटतात. चमचा धरतात, तोंडापर्यंत येता येता वरण सांडतं. दार मात्र अजून बंदच असतं. भरवू देत नाहीत आणि माझ्याशिवाय कुणाला बघूही देत नाहीत; माझं ताट बाहेर निवत असतं. रात्री अंथरुणावर माझं बोट आपोआप गोल फिरतं, तुम्हाला हसू येईल.

गिरजा

---

देव्हाडी,
२६ नोव्हेंबर

वहिनी,

हसलो. सगळ्या घराने हसून घेतलं.

डाव्या बोटाचं तुमचंच चुकलं. एका हाताने सुरू केलेला सिग्नल त्याच हाताने संपवायचा. त्याला माझा राम राम सांगा आणि म्हणावं, नव्या सिग्नलवालीला छळू नकोस, ती मध्येच सोडून गेली तर तुझ्यासाठी देव्हाडीहून कोण रोज येणार आहे?

भय्याजी

---

चरोदा,
५ जानेवारी २०२५

भय्याजी भाऊ, सप्रेम जय भीम.

मशीन गेली. कुरुदला एक बाई आहे, शिलाईचं काम करायची, तिचाही उजवाच हात गेला आहे. तिच्याकडे दिली. सोमवारी रेणू त्या बाईच्या नवऱ्याला घेऊन मशीन न्यायला आली. ह्यांनी त्याला जवळ बसवलं आणि बराच वेळ घेऊन सांगितलं, "ढिला... नाही सोडायचा. तिले सांग." रेणू माझ्याकडे बघून हसली.

जेवायची वेळ झाली होती. पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं? मी सगळ्यांची ताटं वाढली आणि ह्यांचं ताट आतल्या खोलीत न्यायला उचललं. हे म्हणाले, "इथंच." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर पुन्हा म्हणाले, "इथंच दे ना जी."

दिलं. समोर परका माणूस, रेणू, नरेश, मोना, आणि दार सताड उघडं. ह्यांनी चमचा बाजूला ठेवला. भात-वरण बोटांनी कालवलं. जरा सांडलं, कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी दाखवलं नाही.  घास उचलला तसं माझं बोट आपोआप वर गेलं, आणि मी पाहुण्यांसमोर ते गोल फिरवायला लागले. मोना खुदकन हसली.

ह्यांनी घास ताटात परत ठेवला. वरण लागलेला तोच उजवा हात पुढे केला, माझं फिरणारं बोट धरलं आणि खाली केलं. जोर होता त्या हातात, भाऊ. म्हणाले, "राहू दे आता. तू जेव."

 मोनाने माझं ताट आणून ह्यांच्या शेजारी ठेवलं. हे घास घेत होते, मी घेत होते, मध्येच त्यांनी लोणचं मागितलं. जूननंतर पहिल्यांदा मी गरम भात खाल्ला.

तुमची,
गिरजा